पंच्याऐंशी की पस्तीस

बुद्धघोष तीनदा पुण्याला जाऊन आला आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आला.

इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर एका गाळ्यात त्याचा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, सत्कार, सगळं त्याच्याकडं यायचं. हाताशी जुना पण खणखणीत निकॉन होता, आणि त्याला एकच लेन्स होती, पस्तीस ते सत्तर मिलिमीटरचा झूम. दिवसाउजेडी ती झकास चालायची. पण घरात, मांडवात, दिवेलागणीला तिला काही दिसायचं नाही, मग फ्लॅश मारावा लागायचा. त्या फ्लॅशचा त्याला वीट आला होता. नवरीचं कपाळ पांढरंफटक, मागच्या भिंतीवर काळी सावली, म्हाताऱ्यांचे डोळे मिटलेले. लोक खूश असायचे. तो मात्र धुऊन आलेल्या फोटोंची थप्पी चाळताना दरवेळी खट्टू व्हायचा.

त्याला फ्लॅशशिवाय काम करणारी लेन्स हवी होती. झूम न होणारी, फिक्स, मोठ्या तोंडाची, खोलीतला असेल नसेल तो उजेड ओढून घेणारी. एका लेन्सपुरते पैसे बाजूला पडले होते. आणि बाजारात तीन होत्या. पंच्याऐंशीची लेन्स लांबून चेहरा जवळ आणायची आणि मागचं सगळं विरघळवून टाकायची. पन्नासची सगळ्यात जास्त उजेड घ्यायची. पस्तीसची रुंद होती. छोट्या खोलीत चालायची, आणि माणसाच्या वीतभर जवळ गेलं तरी फोकस सोडायची नाही.

जीव पंच्याऐंशीवर होता. पण सकाळी पंच्याऐंशी ठरली की दुपारी पन्नास बरी वाटायची, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी दहा बाय दहाच्या खोलीत साखरपुड्याचे फोटो काढताना पाठ भिंतीला टेकली की पस्तीस आठवायची. जेवताना तो मध्येच उठून माहितीपत्रक बघायचा. बायको तेजश्री झेडपीच्या शाळेत शिकवायची, तिनं ते पत्रक दोनदा लपवून ठेवलं. वडील कचरू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते एकदा म्हणाले, "तुझं लगीन एका बैठकीत ठरलं, बुद्धा. तेजश्रीला बघून आपण चहा संपायच्या आत व्हय म्हणालो. आन् ह्या काचंला वरीस लागलं?"

"आबा, ती परत देता येत नाही," बुद्धघोष म्हणाला.

"आन् बायको देता येती व्हय?" आतून तेजश्रीनं विचारलं.

हसून झालं, पण बुद्धघोषच्या जिवाची घालमेल काही थांबली नाही.

शहाण्णव सालचा नोव्हेंबर होता. एका सोमवारी सकाळी स्टुडिओतला फोन वाजला. धाकटी बहीण अंजली बोलत होती. ती बारामतीत एका मुलांच्या दवाखान्यात नर्स होती.

"दादा, कॅमेरा घेऊन ये. आजच ये. एका लेकराचा फोटो काढायचाय."

तिनं सांगितलं ते असं. निरवांगीच्या म्हस्कू आणि सारजा यांची सून योगिनी सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. इंदापूरच्या दवाखान्यात शनिवारी पोट फाडून मूल काढलं. मुलगा, सव्वा किलोचा. तिथं अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ठेवायची काचेची पेटी नव्हती म्हणून जन्मल्यावर तासाभरात त्याला जीपनं बारामतीला हलवलं. बरोबर आजी सारजा आली. योगिनी शुद्धीवर आली तेव्हा शेजारी मूल नव्हतं. अंगात ताप, रक्त कमी, टाके ओले, तिला पन्नास किलोमीटर नेणं शक्यच नव्हतं. नवरा रविराज फौजेत, आसामात. तार गेली होती, उत्तर आलं नव्हतं. आणि योगिनीच्या मनानं घेतलं होतं की मूल गेलंय आणि सगळे मिळून आपल्यापासून लपवतायत.

"दोन दिवस झाले, ती जेवत नाही. औषध थुंकते," अंजली म्हणाली. "तिथल्या डॉक्टरांचा आमच्या सरांना फोन आला होता. सर म्हणाले, फोटो दाखवा."

बुद्धघोष पुढच्या गाडीनं बारामतीला पोचला. पेट्यांची खोली लांबट आणि अरुंद होती. तीन पेट्या, भिंतीला ऑक्सिजनची नळकांडी, वर एकच ट्यूब. डॉक्टर भल्या स्वभावाचे पण घाईतले. ते म्हणाले, "फ्लॅश नाही. पेटी उघडायची नाही. पाच मिनिटं."

पेटीशेजारी स्टुलावर सारजा बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हाताचा पंजा काचेवर टेकवलेला. उजव्या हाताचं मधलं बोट अर्ध्यातच संपलेलं होतं. तिनं बुद्धघोषकडं बघितलं आणि विचारलं, "तुमी शिष्टरचं भाऊ व्हय? चांगला काढा बाबा. सून लई येडी झालीया."

आत मूठभर जीव होता. नाकात नळी, डोक्याला कापसाची टोपी, आणि छाती अशी भराभर वरखाली होत होती की बघणाऱ्याला दम लागावा. बुद्धघोषनं कॅमेऱ्यातून बघितलं. चारशेचा काळापांढरा रोल, लेन्स पूर्ण उघडी, तरी उजेडाचा मीटर सांगत होता, शटर सेकंदाचा आठवा भाग उघडं हवं. एवढ्या वेळात ते पोर एक श्वास घेऊन हात उडवून मोकळं होत होतं. त्यानं कोपर पेटीच्या कडेला रोवलं, श्वास रोखला, बारा फोटो काढले. प्रत्येक वेळी शटरचा आवाज लांबट आला. काय आलंय ते त्याला तिथंच कळलं होतं.

डार्करूममध्ये फोटो वर येताना त्याची खात्रीच पटली. पेटी स्पष्ट, नळी स्पष्ट, आणि नळीच्या टोकाला एक पांढुरका धुरकट गोळा. बारांतला त्यातल्या त्यात बरा निवडून मंगळवारी सकाळी तो इंदापूरच्या दवाखान्यात योगिनीच्या खोलीत गेला.

योगिनी बावीस-तेवीस वर्षांची असेल. ओठ सुकून पांढरे पडलेले. उशाशी तिची आई प्रयागबाई पेजेची वाटी धरून बसली होती, दारात सासरा म्हस्कू उभा होता. पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, तोंडातून शब्द नाही. योगिनीनं फोटो हातात घेतला आणि खूप वेळ बघितला.

"ह्याला नाक न्हाय, डोळं न्हाय," ती म्हणाली. "कुणाचं बी असंल. आन् असलं तरी ह्यात जीव कुठं हाय?"

"जीव आहे म्हणून तर असं आलंय, ताई," बुद्धघोष घाईनं म्हणाला. "ते हललं. मेलेलं हलतं का?"

तो शब्द तोंडातून निसटलाच. योगिनीनं फोटो चादरीवर ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. प्रयागबाईनं वाटी खाली ठेवली. म्हस्कू बुद्धघोषला बाहेर घेऊन आला आणि एवढंच म्हणाला, "जाऊ द्या. तुमी तरी काय करनार."

त्या 'काय करणार'नं बुद्धघोषचा दिवस खाल्ला. पासपोर्टला आलेल्या माणसाचा फोटो त्यानं दोनदा चुकवला. स्टुडिओचं शटर ओढून तो स्टँडवर गेला, चहा सांगितला आणि न पिता उठला. वर्षभर आपण पत्रकातले आकडे चघळत बसलो, आणि गरज पडली तेव्हा गळ्यात तोच आंधळा झूम. वर तोंडानं तो शब्द. संध्याकाळी जेवताना तो मध्येच हात धुऊन उभा राहिला.

"उद्या पहिल्या गाडीनं पुण्याला जातो," तो म्हणाला.

तेजश्रीनं माहितीपत्रक डब्याच्या फडताळातून काढून त्याच्यापुढं ठेवलं. "हे नको," तो म्हणाला.

पुण्यातलं दुकान उघडायच्या आधी अर्धा तास तो पायरीशी येरझाऱ्या घालत होता. दुकानदार म्हातारा, चष्म्याला दोरी बांधलेला. तो बुद्धघोषला ओळखून होता. "आज चौथ्यांदा," म्हणाला, आणि न विचारता तिन्ही लेन्स गादीवर मांडल्या. पंच्याऐंशी आणि पन्नास नव्या. पस्तीसची जुनी, कुणीतरी वापरलेली, कडेचा रंग उडालेला.

बुद्धघोषनं पंच्याऐंशी लावली आणि दुकानदाराकडं रोखली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतली पाणीदार चमक, भुवईचा एकेक केस, आणि मागची कपाटं धुक्यात गेलेली. वर्षभर ज्यासाठी जीव तळमळत होता ते हेच होतं. आत्ता पैसे टाकावेत आणि निघावं.

"काय काढायचंय?" दुकानदारानं विचारलं.

बुद्धघोषनं सांगितलं. पेटी, ट्यूब, अरुंद खोली, हलणारं लेकरू.

"मग ही हातात धरून जमणार नाही. लांब लेन्समध्ये हात थरथरला की सगळं थरथरतं, तिला शटर जोरात लागतं. तेवढा उजेड तिथं नाही. आणि हिला हातभर मागं सरावं लागतं. जागा आहे का?"

जागा नव्हती. पाठीशी नळकांडी होती. त्यानं पन्नास लावली. ही उजेडाला सगळ्यात बरी. दुकानदाराच्या घड्याळांच्या काचेच्या पेटीवर त्यानं ती रोखली. एक घड्याळ स्पष्ट, सुंदर, चौकट भरून. त्याच्या डोक्यात ते घड्याळ म्हणजे लेकराचं तोंड झालं, आणि तिथंच तो थांबला.

योगिनीनं ते तोंड कधी बघितलंच नव्हतं. कितीही रेखीव फोटो नेला, नाकडोळे मोजता आले, तरी ती म्हणणार, कुणाचं बी असंल. आणि बरोबरच म्हणणार. न बघितलेल्या चेहऱ्याची ओळख पटायची कशी? तिनं काय बघितलंय? त्याला काचेवर टेकलेला पंजा आठवला. अर्ध्यात संपलेलं बोट आठवलं. सासूचा तो हात योगिनी रोज बघत असणार, भाकरी थापताना, शेण सारवताना. तो हात आणि ते लेकरू एका चौकटीत आलं पाहिजे. सारजेचं तोंडही आलं पाहिजे. आणि हे सगळं नळकांड्याला पाठ लावून.

त्यानं पस्तीस लावली. पेटीच्या काचेला जवळजवळ नाक लावलं. घड्याळ स्पष्ट होतं, आणि पलीकडं टेबलावर टेकलेला दुकानदाराचा हातही ओळखू येत होता.

"ही द्या," तो म्हणाला.

"नक्की? पुन्हा याल बदलायला."

"नक्की नाही. पण द्या."

बारामतीच्या गाडीत त्याला धड बसवेना. पाटस सुटलं तसं मनात आलं, चुकलं. पस्तीस दोनची आहे, पन्नास एक पॉइंट चारची, आणि हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. उजेड निम्माच. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर आलं आणि पोरानं हात झाडला की पुन्हा धूर. त्यानं पिशवीतून लेन्स काढली, खिडकीबाहेरच्या उसावर फिरवली, परत ठेवली, परत काढली. शेजारच्या बाईनं पोराला आपल्या दुसऱ्या बाजूला घेतलं.

दवाखान्यात अंजली दारातच भेटली. "आज बरं आहे," ती म्हणाली. "सर म्हणतात, आजीला हात आत घालू दे. लेकराला माणसाचा हात लागला की श्वास नीट चालतो."

सारजेनं कोपरापर्यंत हात साबणानं घासले, दोनदा, तीनदा. अंजलीनं पेटीचं गोल दार उघडलं. सारजेनं हात आत घातला, आणि ती एकदम भेदरली. आयुष्यभर मेंढरांची कोकरं ओढून काढलेली बाई, पण या जिवाला कुठं धरावं ते तिला कळेना.

"नुसतं बोट ठेवा, मावशी," बुद्धघोष म्हणाला. "त्याच्या तळहातावर."

"कुठलं?"

"ते अर्धं."

सारजेनं त्याच्याकडं बघितलं. बोट आजवर ती पदराआड ठेवत आली असावी. "कडबाकुट्टीच्या पात्यात गेलं," ती म्हणाली, "रविराजच्या येळंला सात म्हैनं झालं हुतं तवा." मग तिनं ते बोट ठेवलं.

बुद्धघोषनं पाठ नळकांड्याला लावली आणि काचेला लेन्स भिडवली. मीटर तिसावर होता. तो एका गुडघ्यावर बसला. लेकराची बोटं काड्यांसारखी. ती हवेत उघडली, मिटली, परत उघडली. बुद्धघोष दाबायचा आणि फिल्म ओढायचा, दाबायचा आणि ओढायचा, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, हे नाही. मग पोरानं ती काडीएवढी मूठ आजीच्या बोटाभोवती मिटली आणि क्षणभर हलायचं थांबलं. काचेपलीकडं सारजेचं तोंड उघडंच राहिलं. बुद्धघोषनं तीनदा दाबलं. रोल संपला.

इंदापूरला परत येईतो दिवस मावळला होता, आणि लाइट गेलेली होती. रोल धुण्यापुरता अंधार होताच, पण कागदावर फोटो उतरवायला दिवा हवा. त्यानं ओली फिल्म दोरीवर टांगली आणि टॉर्चच्या उजेडात भिंग लावून बघत राहिला. मूठ दिसत होती. पण मूठ स्पष्ट होती की नुसता काळा ठिपका, ते कळेना. तेजश्रीनं त्याला दोनदा हाक मारली. शेवटी ती येऊन म्हणाली, "आता लाइट तू बघितल्यानं यायची नाही."

पहाटे लाइट आली. सहाला त्यानं पहिला कागद औषधात टाकला. आधी आली पेटीची कड. मग सारजेचं कपाळ, कुंकवाचा डाग, उघडं तोंड. मग हात, आणि अर्ध्यात संपलेलं बोट, त्यावरच्या रेघांसकट. आणि बोटाभोवती चार नखं, तांदळाच्या कण्यांएवढी. बाळाचं तोंड थोडं धूसरच आलं होतं. बुद्धघोष ते बघून चरकला. पन्नासनं तोंडही आलं असतं का? विचार करायला वेळ नव्हता. फोटो धड वाळवलासुद्धा नाही, वर्तमानपत्रात धरून तो निघाला.

या वेळी तो खोलीत काही बोलला नाही. नुसता फोटो पुढं केला.

योगिनीनं बघितलं. तिची नजर आधी लेकरावर गेली आणि तशीच घसरून बोटावर आली. ती कोपरावर उठायला लागली, प्रयागबाई "टाकं, टाकं" करत धावली.

"ह्यो हात आत्याबाईंचा हाय," योगिनी म्हणाली.

"व्हय," दारातून म्हस्कू म्हणाला.

"आन् ह्यानं धरलंय त्यांचं बोट. त्यानं आपनहून धरलंय?"

"आपणहून," बुद्धघोष म्हणाला. "कुणी मिटवली नाही मूठ. मी समोर होतो."

"कवा?"

"काल दुपारी. चारला."

ती रडली नाही. फोटो अगदी डोळ्यांपाशी नेला आणि एकेक नख बघू लागली. मग तिचा आवाज एकदम बदलला. रागावलेल्या माणसाचा झाला.

"बरगड्या दिसत्यात की ह्याच्या. तितं ह्याला दूध कोन देतंय? हितं माजी छाती दगडासारखी झालीया, आन् तुमी पिळून मोरीत वतताय!"

प्रयागबाई धावत डॉक्टरांकडं गेली. डॉक्टरांनी बारामतीला फोन लावला, तिची औषधं दुधाला चालतील का विचारलं, हो-नाही करता करता ठरलं. उकळून घेतलेली बाटली, भोवती बर्फ, वर थर्मास. आणि एरवी तोंड न उघडणारा म्हस्कू म्हणाला, "मी नेतो."

दूध काढायच्या आधी योगिनीनं आईच्या हातून पेजेची वाटी ओढून घेतली आणि सगळी संपवली. आणखी मागितली.

त्या दिवसापासून म्हस्कू रोज सकाळच्या बारामती गाडीत बसायचा, थर्मास घोंगडीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टर त्याला पुढची जागा ठेवायचा. दुपारी परत यायचा आणि सुनेपुढं उभा राहून सांगायचा, "आज पाच ग्रॅम वाढलं." एवढंच. पण रोज.

बाराव्या दिवशी योगिनीला बारामतीला न्यायची परवानगी मिळाली. जीप स्टुडिओपुढं थांबली आणि म्हस्कूनं हाक मारली, "फोटोवालं, चला." बुद्धघोषनं गिऱ्हाईक तसंच बसवून ठेवलं, कॅमेरा उचलला आणि मागं चढला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला योगिनी पोट धरायची, पण जीप हळू घ्या म्हणून एकदाही म्हणाली नाही.

पेट्यांच्या खोलीत ती भिंत धरत गेली. कुणी दाखवायच्या आत मधल्या पेटीपाशी थांबली. सारजा उठली आणि स्टूल मोकळं केलं.

"हात धुवून घ्या, ताई," अंजली म्हणाली.

योगिनीनं हात धुतले. बुद्धघोष मागच्यासारखाच नळकांड्याला पाठ लावून बसला. पण आत घालण्याआधी ती वळली आणि बुद्धघोषला म्हणाली, "भाऊ, तुमी तितं नगा. हिकडं उभं ऱ्हावा. ह्येच्या बापाला पाठवायचाय. त्याला ह्येचं नाक बी दिसलं पायजे आन् माजं तोंड बी."

बुद्धघोष तिनं सांगितलं तिथं गेला. उजेड तिथून उलटा येत होता, ट्यूब काचेत चमकत होती. त्यानं पुढं-मागं करून बघितलं, जमेना, परत वाकला. योगिनीचा हात आत गेला होता आणि पोरानं तिच्याकडं वळवायचं म्हणून की काय, तोंड हलवलं होतं.

"आलं का?" तिनं न वळता विचारलं.

"थांबा," तो म्हणाला. "अजून एक काढतो."